‘फक्त महिलांसाठी’ या पाटीच्या आत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली की सोलापूरच्या चारी दिशांच्या रस्त्यांवर हुरड्याच्या पाट्या दिसू लागतात. त्यातल्या काहींवर आता ‘फक्त महिलांसाठी, दोन दिवस मुक्काम’ असंही लिहिलेलं असतं. या हंगामाच्या तोंडावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीविषयी आहेत : पाटीच्या आत गेल्यावर कोणाला कसं वागवतात? नावं वगळून त्यांतली काही इथे घेतली आहेत.

मोहोळ रस्त्याला आमची सहा एकर शेती आहे. एक हॉल नि तीन खोल्या बांधून वीस बायकांच्या मुक्कामाची सोय केली आहे. ‘सर्व महिलांचे स्वागत’ अशी पाटी लावली की पुरे ना? आणि पुरुषांना नको म्हणणं कायद्यात बसतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) प्रमाणे दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची जागा इथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान पाहून कोणाला अडवता येत नाही. १५(३) मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा आहे, पण ती राज्याला. तुम्हाला किंवा आम्हाला ती थेट मिळालेली नाही. तरीही महिला वसतिगृहं, महिलांच्या व्यायामशाळा, महिलांच्या सहली राजरोस चालतात, कारण झोपण्याची आणि अंघोळीची जागा सामाईक असली की खासगीपणाचं कारण खरंखुरं असतं. म्हणून तुमच्या नियमात तेच कारण लिहा : ‘हॉल आणि न्हाणीघरं सामाईक असल्याने मुक्काम फक्त महिलांसाठी.’ दिवसा हुरडा खाऊन जाणाऱ्या कुटुंबाला मात्र हाच नियम दाखवून परत पाठवू नका. तिथे हे कारण लागू होत नाही.

आता पाटीचं. पाटी म्हणजे आमंत्रण. धोरण एका कागदावर मावतं आणि त्यात चार गोष्टी लागतात : मुक्काम कोणासाठी आहे, कशाला भेदभाव म्हणायचं, तक्रार कोणाला सांगायची आणि सांगितल्यावर काय होणार. बहुतेक ठिकाणी ‘येथे कोणताही भेदभाव केला जात नाही’ एवढं एकच वाक्य असतं. त्याचा उपयोग शून्य, कारण भांडण उभं राहतं तेव्हा समोरची बाईही म्हणते, मी कुठे भेदभाव केला? म्हणून उदाहरणं द्या, आणि ती तुमच्याच अंगणातली द्या : वेगळा पेला ठेवणं, आडनाव खोदून विचारणं, ‘तुमच्यात चालतं ना हे?’ म्हणणं, कुंकू लावताना एखादीला वगळणं, कोणाच्या शरीराविषयी विचारणं, बुरखा काढायला लावणं, बोलीवरून हसणं. सात-आठ उदाहरणं बास.

कागद मराठीत असू द्या, पण सोलापुरात तेवढ्यावर भागत नाही. पूर्व भागातून आलेली विडी कामगार तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड, आणि दखनी बोलणाऱ्या घरांतल्या बऱ्याच जणी उर्दू शाळेत शिकलेल्या असतात. चार भाषांत छापलं तर उत्तम. नाही जमलं तर पहिल्या चहाच्या वेळी तीन मिनिटांत मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्या दोन भाषा येणाऱ्या कोणी असतील त्यांच्याकडून तेच बाकीच्यांना सांगून घ्या. वाचून दाखवायची वेळ चहाचीच धरा. जेवणानंतर कोणी ऐकत नाही.

आणखी एक. हा कागद पाहुण्यांइतकाच आगटीवर (हुरडा भाजायच्या निखाऱ्यांवर) बसणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायकांनाही लागू आहे, हे त्यातच लिहा. आमच्याकडे येणाऱ्या धोरणांच्या मसुद्यांत हे वाक्य जवळपास नसतंच.

मैत्रिणींबरोबर एका शेतावर मुक्कामाला गेलो होतो. हुरडा चोळून देणाऱ्या मावशींना पाणी वेगळ्या पेल्यातून दिलं. नोंदणीच्या वेळी माझं आडनाव ऐकून ‘म्हणजे नेमकं कोणत्या गावचे?’ असं तीनदा विचारलं. हे भेदभावात येतं का, की मीच जास्त मनाला लावून घेते? (बार्शी)

येतं. तुम्ही काही जास्त लावून घेत नाही.

हुरड्याचीच गोष्ट पाहा. कणीस आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, गरम असतानाच दोन तळहातांमध्ये चोळतात, सुपात पाखडतात आणि त्याच हाताने पानावर घालतात. ज्वारीचं वाण गुळभेंडी असो की सुरती, चोळणारीचा हात लागल्याशिवाय हुरडा तोंडात जात नाही. तो हात चालतो आणि त्याच हातातला पेला चालत नाही, याला दुसरं नाव देता येणार नाही.

चालवणाऱ्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या नेमक्या केल्या पाहिजेत. ताटं, वाट्या, पेले सगळे एकाच घाटाचे घ्या. वीस पाहुणे आणि सहा कामकरणी असतील तर तीस संच, एकाच मांडणीत. ‘कामवाल्यांसाठी’ म्हणून जुन्या घरच्या थाळ्या आणल्या की तिथेच वेगळी पंगत तयार होते, मनात काही नसलं तरी. पाण्याच्या माठाला तोटी बसवा. ओगराळं असेल तर ‘कोणी बुडवायचं’ हा प्रश्न निघतोच. तोटी असली की निघत नाही. जेवणाची वेळ अशी ठेवा की निदान एक जेवण कामकरणी आणि पाहुण्या एकाच सतरंजीवर बसून घेतील. यावर ‘त्यांनाच संकोच वाटतो’ हे ठरलेलं उत्तर येतं. संकोच वाटत असेल तर मालकीणबाईंनी आधी त्यांच्या शेजारी बसावं, मग बघावं.

नोंदणीचा कागद कापायला घ्या. लागतं ते एवढंच : हाक मारायचं नाव, फोन, अडचणीत कोणाला कळवायचं, खाण्यातली पथ्यं, औषधं, मुक्कामाच्या नोंदीसाठी ओळखपत्र. आधारची प्रत घेत असाल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं, आणि आधारच हवं असा हट्टही नको. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही पुरतो. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव. खोल्यांचं वाटप आडनावांची यादी समोर घेऊन करू नका. आल्या क्रमाने चिठ्ठी उचलायला लावा. बरोबर आलेल्या मैत्रिणींना एकत्र राहायचं असेल तर त्या दोघी-तिघींनी मिळून एकच चिठ्ठी उचलावी.

‘आपल्या समाजाच्या महिलांची सहल’ याबद्दलही विचारणा असते. एखाद्या मंडळाने आपल्या सभासदांना घेऊन जाणं वेगळं. पैसे घेऊन सर्वांसाठी जाहिरात केलेली जागा ‘आपली माणसं’ म्हणत निवडू लागली तर ते वेगळं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निमंत्रणात ‘घरंदाज महिलांसाठी’, ‘सोवळ्यातला स्वयंपाक’ असे शब्द दिसले की कोणाला यायचं नाही हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

कायद्याची बाजू. अस्पृश्यता अनुच्छेद १७ ने नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेवरून हॉटेलात किंवा करमणुकीच्या जागी प्रवेश नाकारणं आणि तिथली लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हे दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. दंडाची रक्कम हास्यास्पद वाटली तरी कैद चुकत नाही. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ३ मध्ये सार्वजनिक वापराची भांडी आणि लोकांसाठी खुल्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. या कायद्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

तुम्ही पाहिलेल्या प्रसंगात तक्रार करायची की नाही हे त्या मावशींनी ठरवायचं. पाहुण्या निघून जातात, मावशींना तिथेच उद्या रोज भरायचा असतो. तुम्ही साक्षीदार म्हणून तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि ‘लागलं तर मी बोलेन’ म्हणून तुमचा नंबर त्यांच्याकडे द्या. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा व्हिडिओ टाकू नका. हाताला काम राहत नाही ते अशा व्हिडिओनंतर.

संक्रांतीच्या मुक्कामात हळदीकुंकू ठेवायचं आहे. गटात दोन विधवा ताई आहेत, एक मुस्लिम, एक बौद्ध. कसं करावं? (सोलापूर, जुळे सोलापूर भाग)

ताट हातात घेऊन एकीपासून दुसरीकडे जाणं बंद करा. सगळी चूक त्या चालण्यात आहे. ताट घेतलेली बाई एखादीपाशी थबकते, मंगळसूत्राकडे बघते, पुढे जाते. जिला वगळलं तिला हे हॉलभर दिसतं. त्याऐवजी ताट टेबलावर ठेवा. हळद, कुंकू, तिळगूळ, गजरे, अत्तर. जिला जे हवं ते तिने स्वतः घ्यावं. कुंकू नको असलेलीला ‘का?’ विचारायचं नाही. वाण प्रत्येकीच्या उशाशी आधीच ठेवा. वीस जणी तर वीस पिशव्या, आतल्या वस्तू सारख्या. कार्यक्रमपत्रिकेतून ‘सुवासिनी’ हा शब्द काढला की तुमचे चारही प्रश्न एकदम सुटतात.

विधवा प्रथांविरुद्धची मोहीम तुमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने चालवली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावाला जमलं ते हॉलला जमेल.

वेळा अमावस्येला आमच्या शेतात कडब्याची कोप (छोटी खोपी) करून पूजा असते. त्या दिवशीच मुक्कामाची तारीख आली आहे. पाळी असलेल्या बायकांना आधी सांगून ठेवावं का? (अक्कलकोट)

नाही. पूजा तुमच्या घरची आहे, ती घरच्यांनी हवी तशी करावी, पण पाहुणीला पाळी आहे का हे विचारायचा अधिकार त्यातून मिळत नाही. कोपीच्या आतलं तुमचं, बाहेरचं आंबील-भज्जी सर्वांचं, असं आखून घ्या. पाहुण्यांची बसायची जागा पूजेपासून थोडी लांब ठेवली की कोणाला उठवावं लागत नाही. ‘बाजूला बसण्याची खोली’ असला प्रकार सोय म्हणूनसुद्धा ठेवू नका. त्याऐवजी प्रत्येक संडासात झाकणाचा डबा, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, एक जास्तीची बादली आणि न मागता घेता येतील असे समोरच पॅड ठेवा. वीस जणींच्या दोन दिवसांना बारा-पंधरा पॅड पुरतात.

जेवणात सगळ्यांचं कसं सांभाळायचं? कोणी शाकाहारी, कोणी हलाल मागतं, कोणाला कांदा नको. (कुर्डुवाडी)

कोणाचं काय ‘शुद्ध’ यात पडू नका. काय कशात शिजलं एवढं खरं सांगा. शाकाहारी-मांसाहारी भांडी आणि उलथणी वेगळी, दांड्याला हिरवी नि लाल चिकटपट्टी. मटण कुठून आणलं हे फळ्यावर लिहा, ज्यांना हलाल हवं त्या पाहून घेतील. मांसाहार ठेवायचाच नसेल तरी हरकत नाही, तो तुमच्या स्वयंपाकघराचा निर्णय. पण ‘शाकाहारीच महिला’ अशी अट पाहुण्यांवर घालू नका. लोक घरी काय खातात हे विचारणं म्हणजे जात विचारण्याचा आडरस्ता आहे. रमजानमध्ये मुक्काम असेल तर सहेरीसाठी पहाटे चहा-भाकरीची सोय आणि इफ्तारची वेळ फळ्यावर.

आता जे कोणी विचारलं नाही ते. आपल्याकडे शेंगदाणा नसलेला पदार्थ शोधावा लागतो. शेंगाची चटणी समोर दिसते, पण कूट भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, तेल शेंगाचं असतं. एखादीला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असेल तर ‘चटणी खाऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. तिच्यासाठी वेगळ्या तेलात, वेगळ्या पातेल्यात, कुटाचा डबा उघडण्याआधी भाजी करायची आणि तिचा डाव दुसऱ्या पातेल्यात जाऊ द्यायचा नाही. ओठ सुजले, श्वास लागला तर १०८ लावा, घरगुती उपाय करत बसू नका. तिच्याकडे एपिनेफ्रिनचं इंजेक्शन आहे का आणि ते कुठल्या पिशवीत आहे हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. गव्हाची अॅलर्जी असलेलीला ज्वारीची भाकरी चालते, मात्र तिचं पीठ गहू दळलेल्या गिरणीतून लगेच दळून आणलेलं नको, आणि पोळीच्या परातीत मळलेलंही नको.

माझी बहीण व्हीलचेअर वापरते. फोनवर सांगितलं, ‘या ना, उचलून घेऊ.’ तिला मदतीला भाऊ लागतो, तो चालणार नाही म्हणाले. (पंढरपूर)

‘उचलून घेऊ’ हे प्रेमाने म्हटलेलं असलं तरी नकारच आहे. बहिणीला दोन दिवसांत किती वेळा उचलणार?

उताराचं माप गवंड्याला असं सांगा : चढाच्या एका इंचाला एक फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा इंच चढ, म्हणजे अठरा फूट लांब उतार. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली पाच फूट सपाट जागा. जागा वाचवायला सहा-सात फुटांत उतार संपवतात, मग त्यावरून मोटारसायकल चढते आणि व्हीलचेअर मागे घसरते. शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, उतारावर ती नको. खरबरीत कोबा करा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, चौकट धरून नव्हे. संडासाचं दार बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळायला पाच फूट, कमोडची बैठक साधारण १८ ते १९ इंच, शेजारी भिंतीत पक्का दांडा. दांडा प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवला तर पहिल्याच दिवशी हातात येतो.

शेतातली अडचण निराळी. काळ्या रानात चाकं रुततात, आणि आदल्या रात्री पाणी दिलेलं असेल तर पुढे जाताच येत नाही. हॉलपासून आगटीपर्यंत मुरूम दाबून चार फुटांची वाट करा, आगटीजवळ एक टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचं ठेवा म्हणजे बहिणीची खुर्ची त्याखाली जाईल. गुडघे दुखणाऱ्या अर्ध्या बायका त्याच टेबलावर येऊन बसतील.

खर्चाचं रडगाणं ऐकू येतं. महिला पर्यटन व्यावसायिकांसाठी राज्याच्या ‘आई’ धोरणात (२०२३) १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे, ती तपासा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेचे नियम पाळायला सांगतो.

भावाबद्दल मात्र मुक्कामवाले चुकले असं आम्ही म्हणणार नाही. सामाईक हॉलमध्ये तो राहू शकत नाही. पण तिथे थांबून ‘मग येऊ नका’ म्हणणं चूक. त्यांनी दोन दिवसांसाठी प्रशिक्षित मदतनीस बाई बघून द्यावी किंवा भावाला शेजारच्या घरी, हाकेच्या अंतरावर जागा द्यावी. मदतीला येणाऱ्या बाईकडून फक्त जेवणाचा खर्च घ्यावा, खाटेचे पैसे घेऊ नयेत.

मी ट्रान्स स्त्री आहे. अशा मुक्कामाला मी जाऊ शकते का? (सोलापूर)
आमच्या गटात एका ट्रान्स ताईंनी नाव नोंदवलं. दोघींनी ‘त्या असतील तर आम्ही नाही’ म्हटलं. काय करावं? (पंढरपूर)

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली, म्हणून उत्तर एकत्र.

पहिल्या ताईंना : हो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ चं कलम ३ लोकांसाठी उपलब्ध असलेली निवासाची जागा, सेवा किंवा सोय नाकारण्याला आणि तिथे अन्यायाने वागवण्याला मनाई करतं. नोंदणी करताना तुम्ही ट्रान्स आहात हे सांगायलाच हवं असं नाही. सांगायचं की नाही, कोणाला, कधी, हे तुमच्या हातात.

दुसऱ्या ताईंना : नियमाचं वाक्य आधी पक्कं करा. ‘स्त्री म्हणून जगणाऱ्या सर्वजणींसाठी, ट्रान्स स्त्रिया यात आल्याच.’ हे वाक्य जाहिरातीत असू द्या, म्हणजे ज्यांना नको त्या पैसे भरण्याआधीच ठरवतील. ट्रान्स पुरुषांना ‘तुम्ही मुळात बाईच ना’ म्हणून आत घेणं हा त्यांचा अपमान आहे, ते पुरुष आहेत. जे स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणत नाहीत त्यांच्याबाबत तुमचा निर्णय काय तो लिहून ठेवा, दारात ठरवू नका.

शस्त्रक्रिया झाली का, कागद आहे का, हे विचारायचं नाही. ओळखपत्रावर जुनं नाव असू शकतं. ते नोंदवहीत राहील आणि नोंदवही कपाटात, टेबलावर उघडी नाही. हाक मात्र त्यांनी सांगितलेल्या नावानेच. चुकून दुसरं नाव तोंडून गेलं तर ‘चुकलं’ म्हणून पुढे जा. पाच मिनिटं माफी मागत बसलं की सगळा हॉल वळून बघतो.

झोपण्याची जागा. सर्वच पाहुण्यांना नोंदणीत विचारा : हॉल, दोघींची खोली की एकटीची? तिन्हींचे दर आधी कळवा. ट्रान्स ताईंना न विचारता ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून वेगळी खोली देणं म्हणजे पुन्हा तो वेगळा पेलाच. त्यांनी स्वतः मागितली तर द्या.

न्हाणीघरांवर थोडा खर्च करा. आडोसा खाली चार बोटांपेक्षा जास्त उघडा नको, वर सात फुटांपर्यंत, आतून कडी, आणि कोरडे कपडे टांगायला आतच दोन खुंट्या म्हणजे अंगावर टॉवेल घेऊन बाहेर यावं लागत नाही. हे काही ट्रान्स ताईंपुरतं नाही. कर्करोगामुळे स्तन काढलेली बाई, अंगभर भाजलेली बाई, पडद्यात वाढलेली मुलगी, सगळ्यांना याच दोन खुंट्या हव्या असतात.

हरकत घेणाऱ्या दोघींना सांगायचं वाक्य : ‘त्या आपल्या पाहुण्या आहेत. तुम्हाला जागा बदलून हवी असेल तर देते.’ हरकत जिची, जागा तिने बदलायची. त्यांना यायचंच नसेल तर नेहमीच्या नियमाप्रमाणे पैसे परत. गटात मतदान घेऊ नका. कोणी माणूस आत यावा का यावर हात वर करायला लावणं हाच भेदभाव. त्यांच्या मनात भीती असेल तर ऐकून घ्या आणि सर्वांना लागू असलेले वागण्याचे नियम दाखवा : परवानगीशिवाय स्पर्श नाही, अंथरुणात शिरणं नाही, शरीराविषयी प्रश्न नाहीत. नियम मोडणारी कोणीही असो, तिला जावं लागेल.

आपल्या भागात होणारी एक चूक वेगळी सांगावी लागते. कामकरणी अक्का ट्रान्स ताईंच्या पाया पडून आशीर्वाद मागतात, कोणी दहाची नोट पुढे करतं, संध्याकाळी ‘तुम्ही नाचा ना’ असा आग्रह होतो. श्रद्धेने होतं, मान्य. पण त्या सुट्टीसाठी पैसे भरून आल्या आहेत, जोगवा मागायला नव्हे. आदल्या दिवशी सगळ्या कामकरणींना बसवून हे सांगा.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला घरी ठेवता येत नाही. (मंगळवेढा)

प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा असतो. आमच्या मते सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलगे हॉलमध्ये, त्यापुढे आई-मुलाला वेगळी खोली आणि वेगळं न्हाणीघर, आणि बारानंतर मुक्काम नाही. कोणताही आकडा घ्या, पण छापा आणि मालकीणबाईंच्या भाच्यालाही तोच लावा. ‘दिसायला लहान आहे’ यावर सूट दिली की वाद सुरू. एकट्या आईला ‘घरी कोणी नाही का?’ विचारू नका. गाडीचा ड्रायव्हर, मोटर दुरुस्त करणारा, दूधवाला हे पुरुष येणारच. त्यांच्या वेळा फळ्यावर लिहा, आणि येण्याआधी हाक द्यायची पद्धत ठेवा.

फोटोंवरून दर वेळी भांडण होतं. (सांगोला)

फोटो नको असलेल्यांना मनगटावर लाल धागा द्या, कारण विचारू नका. एखादी सासरच्या मारहाणीतून निघून आलेली असते, एखादीने घरी वेगळं सांगितलेलं असतं. गटाचा फोटो घेण्याआधी धागेवाल्या बाजूला होतात, अर्धं मिनिट लागतं. झोपण्याच्या हॉलमध्ये आणि न्हाणीघराकडे फोन काढायचाच नाही. खासगी अवस्थेतलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि तो बाईने केला तरी गुन्हाच.

भेदभाव मालकीणबाईंनीच केला तर तक्रार कोणाकडे? (माढा)

म्हणूनच धोरणात दोन नावं हवीत, आणि दुसरं नाव घरातलं किंवा पगारावरचं नको. बचत गटाच्या अध्यक्षा, निवृत्त शिक्षिका, वकील ताई, कोणी चालेल. नाव, नंबर संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तो कागद एकटीने, निवांत वाचता येतो.

तक्रार आली की पहिल्या तासात दोघींना वेगळं करायचं आणि तक्रार करणारीला विचारायचं : आत्ता तुम्हाला काय हवं? चोवीस तासांत दोन्ही बाजू लिहून घ्यायच्या, सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, तक्रार करणारीलाच दुसऱ्या खोलीत हलवतात. दोन, रात्री आगटीभोवती दोघींना गळाभेट घ्यायला लावून ‘मिटलं’ म्हणून जाहीर करतात. गळाभेट तिने नाकारली की मग तीच हट्टी ठरते.

लैंगिक छळ असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो आणि तो पाहुणीलाही लागू होतो, नोकरदार असायला हवं असं नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. पैसे घेऊन जाहिरातीप्रमाणे सेवा दिली नाही, दारातून परत पाठवलं, तर ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा. तातडीचा धोका असेल तर ११२.

आगाऊ पैसे भरण्याआधी एखादं ठिकाण कसं आहे हे ओळखता येतं का? (सोलापूर)

फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. स्वयंपाक करणाऱ्या अक्का कुठे जेवतात? व्हीलचेअरवरची मैत्रीण संडासापर्यंत स्वतः जाऊ शकेल का? एखादीला कोणी लागेल असं बोललं तर मी कोणाला सांगायचं? पहिल्या प्रश्नावर ‘म्हणजे?’ असं आलं, दुसऱ्यावर ‘उचलून घेऊ’ आणि तिसऱ्यावर ‘आमच्याकडे असं होतच नाही’, तर दुसरं ठिकाण बघा. उतार अजून झालेला नाही, पण अमुक तारखेपर्यंत करतोय, असं सरळ सांगणारी जागा आम्हाला जास्त भरवशाची वाटते. मिळालेली उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, ती आल्यावरच पैसे पाठवा, आणि तो संदेश मुक्काम संपेपर्यंत पुसू नका.